वाचकांचे प्रश्न : कोल्हापूरहून एका दिवसात रत्नागिरी

प्रश्न : घरच्या चारचाकीनं एका दिवसात थिबा राजवाडा, केशवसुतांचं मालगुंड आणि बंदर बघून होईल का? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : होईल, पण सोमवार टाळा. राजवाड्यातलं संग्रहालय त्या दिवशी बंद असतं.

पहाटे पाचला निघा. आंबा घाट उतरून हातखंब्याला थेट रत्नागिरीकडं वळू नका, तिथंच सगळ्यांचा फेरा वाढतो. निवळी फाट्यावरून आधी मालगुंड गाठा. १८६६ साली केशवसुत जन्मले ते कौलारू घर तिथं जपलंय, बागेत त्यांच्या कविता दगडांवर कोरल्यात. उभं राहून, मोठ्यानं वाचाव्यात अशाच आहेत त्या! घाई करू नका.

मग आरे-वारेच्या किनारी रस्त्यानं रत्नागिरी. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी इंग्रजांनी बांधलेला राजवाडा १९१० चा. अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्यांवरचं कोरीवकाम जवळ जाऊन पाहा. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर अर्ध्या तासाचं.

मिरकरवाडा बंदर रत्नदुर्गावरून छान दिसतं. सूर्यास्तासाठी मात्र थिबा पॉइंटची बाग. पावसाळ्यात तो मोह सोडा, अंधारात घाटात धुकं दाटतं आणि पुढचं वळण दिसत नाही.