लहानपणी पाहिलेला टीव्ही आणि ऐकलेली गाणी पुढे किती उरतात?

तुमचा प्रश्न असा: मुलगी चार वर्षांची आहे, घरात दिवसभर टीव्ही नाहीतर मोबाइलवर गाणी चालू असतात, सोबत तिची ऐंशीची पणजी आहे. लहानपणी कानांवर-डोळ्यांवर पडलेलं जन्मभर राहतं म्हणतात ते कितपत खरं, आणि घरी नेमकं काय करावं?

खरं आहे. पण नुसतं चालू ठेवलेलं फारसं उरत नाही. कुणीतरी शेजारी बसून गायलेलं, बघताना बोललेलं उरतं. अपवाद एक, लयीचा. तो पुढे सांगते.

आधी टीव्ही. २००३ साली अमेरिकेत नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग झाला. मँडरिन चिनी बोलणारी माणसं चार आठवड्यांत १२ वेळा पुस्तकं-खेळणी घेऊन या बाळांशी बोलली, आणि बाळांना त्या भाषेतले बारीक उच्चारभेद ओळखू यायला लागले. दुसऱ्या गटाला तेच बोलणं तितकाच वेळ, पण पडद्यावर दाखवलं. ती बाळं काहीच शिकली नाहीत. म्हणून दोन वर्षांच्या आत पडदा नको, आणि दोन ते पाच या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही सांगितलं आहे.

चौथ्या वर्षी मात्र मूल पडद्यावरून शिकू शकतं. अमेरिकेत १९६९ मध्ये 'सेसमी स्ट्रीट' (लहान मुलांना शिकवणारा टीव्ही कार्यक्रम) सुरू झालं, तेव्हा काही भागांत ते नीट दिसायचं, काही भागांत त्या वाहिनीचं प्रक्षेपण पकडताच येत नसे. पुढे त्या दोन प्रकारच्या भागांची तुलना झाली. जिथे ते दिसत होतं तिथली मुलं शाळेत वयाला साजेशा इयत्तेत असण्याचं प्रमाण जास्त निघालं. मोठेपणीच्या शिक्षणा-नोकरीवर मात्र तितका ठाम परिणाम दिसला नाही. म्हणजे चांगला कार्यक्रम शाळेच्या उंबरठ्यावर मदत करतो. त्यापुढचं ओझं त्याच्यावर टाकू नये.

कार्यक्रम निवडताना मी दोनच गोष्टी बघायला सांगते. पात्र प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबतं का, आणि दृश्य इतक्या भराभर बदलतं का की मुलाला श्वास घ्यायला जागा नाही. चार वर्षांच्या मुलांना भरधाव कार्टूनची फक्त नऊ मिनिटं दाखवली, तर लगेच नंतर धीर धरण्याच्या आणि नियम लक्षात ठेवून खेळण्याच्या कामांत ती मागे पडली. हा परिणाम लगेचचा आहे, कायमचा असल्याचं सिद्ध नाही. तरी जेवणाआधी किंवा झोपेआधी असलं कार्टून लावू नका. मूल तोच भाग पाचव्यांदा मागत असेल तर लावा. पहिल्या वेळी ते नुसतं बघतं; पुढच्या वेळी काय होणार ते आधी सांगतं, पात्राला उत्तर देतं. शिकणं तिथेच घडतं. आपोआप पुढचा भाग सुरू होण्याची सोय तेवढी सेटिंगमध्ये जाऊन बंद करा.

तुमच्या घरात खरी अडचण दिसते ती दिवसभर मागे चालू असलेल्या टीव्हीची. कुणी बघत नसलं तरी त्याने दोन नुकसानं होतात: मूल एका खेळात कमी वेळ रमतं, आणि मोठी माणसं त्याच्याशी कमी बोलतात, बोलली तरी तुटक. संध्याकाळच्या मालिकेची वेळ ठरवा. ती संपली की पडदा काळा.

आता संगीत. मोझार्टचं पाश्चात्त्य संगीत ऐकवल्याने बाळ हुशार होतं, हे सोडून द्या. १९९३ चा तो प्रयोग कॉलेजच्या मुलांवर होता आणि फायदा दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. गाणं शिकल्याने गणित सुधारतं, यालाही भक्कम आधार नाही. गाण्याने कान तयार होतो, आणि त्यासाठीच ते करावं.

सुरुवातीला म्हटलेला लयीचा अपवाद असा. सहा महिन्यांच्या बाळाला कुठल्याही देशाचा ताल सारखाच. वर्षाचं होईपर्यंत कान घरच्या तालांवर बसतो. उत्तर अमेरिकेतल्या वर्षाच्या बाळांना बाल्कन देशांतले विषम ताल पकडता येईनासे झाले होते, पण घरी दोन आठवडे नुसतं ध्वनिमुद्रण ऐकवल्यावर ते पुन्हा जमलं. मोठ्यांना तेवढ्या सरावाने पूर्ण जमलं नाही. आपल्याकडची बालगीतं आणि चित्रपटगीतं बहुतेक केरव्यात नाहीतर दादऱ्यात, म्हणजे आठ किंवा सहा मात्रांत (ठोक्यांत). सात आणि दहा मात्रा कानावर फारशा पडत नाहीत.

म्हणून सात मात्रांचा रूपक ताल मांडीवर बसवूनच शिकवा. ती ती ना, धी ना, धी ना. पहिल्या मात्रेवर टाळी नाही, हात हवेत उघडायचा; चौथ्या आणि सहाव्या मात्रेला टाळी. सेकंदाला साधारण दोन मात्रा, रोज पाच मिनिटं. केरव्यावर वाढलेला कान शेवटी आठवी मात्रा घालून ठेका 'सरळ' करू बघतो. मुलीचं तसं झालं तर तोंडाने चूक सांगू नका, न थांबता पुढचं आवर्तन घ्या; आपला हात हवेत उघडला आणि तिचा अजून नाही, हे तिचं तिलाच दिसतं. रूपक बसला की झपताल, दहा मात्रांचा.

सुरासाठी तानपुऱ्याचं ॲप काळी एक किंवा पांढरी दोन या पट्टीत (इंग्रजीत C# किंवा D) लावा. या वयात सा ते प एवढाच टप्पा सोपा जातो. बाबा काळी एकमध्येच गात असले तरी त्यांचा सा एक सप्तक खाली असतो. मूल त्या खर्जाकडे जायला बघतं, आवाज खाली घोगरतो आणि 'हिला सूर नाही' असा शिक्का बसतो. बाईच्या किंवा दुसऱ्या मुलाच्या आवाजात तोच सा दिला की बऱ्याचदा लगेच लागतो. सिनेमातलं गाणं मूळ पट्टीत म्हणायला लावू नका. तार सप्तकात मूल ओरडतं आणि घसा बसतो. हेडफोन शक्यतो नकोच. लावलाच तर हातभर अंतरावरचं आपलं बोलणं तिला ऐकू आलं पाहिजे.

वर्ष-दोन वर्षांत मुलगी अक्षरं लावायला लागेल. तेव्हा मराठी गाण्यांचे असे व्हिडिओ निवडा ज्यांत शब्द मराठीतच खाली उमटतात. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी हीच कल्पना मांडली आणि १९९९ पासून गुजरातेत दूरदर्शनच्या गाण्यांवर ती वापरली गेली. गाणं पाठ असतं, म्हणून डोळा शब्दाच्या पुढे धावतो आणि वाचन सुधारतं.

पणजींकडे वळते. माणसाला सर्वांत घट्ट धरून ठेवणारी गाणी साधारण दहा ते पंचविशीतली असतात. ऐंशीच्या बाईंसाठी ती १९५५ ते १९७० च्या आसपासची. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ ला गीतरामायण सुरू झालं तेव्हा त्या दहाएक वर्षांच्या असणार. ५६ गीतं, आठवड्याला एक. यादी तिथून सुरू करा. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं, टीव्ही बंद. वयाने बारीक व्यंजनं ऐकू येत नाहीत, म्हणून आवाज वाढवण्याआधी बेस कमी करा. ओळ तुम्ही म्हणा आणि शेवटचा शब्द त्यांच्यासाठी सोडा. विसरभोळेपणा आला असला तरी तो शब्द बहुधा येतो. एखाद्या गाण्याने रडू आलं तर थांबा, हात धरा, आणि त्यांना नको असेल तर ते गाणं यादीतून काढा.

त्या वेळी मुलीला शेजारी बसवा. आई-वडील आणि आजी-आजोबांच्या तरुणपणातली गाणी नातवंडांनाही ओळखीची आणि जवळची वाटतात, हे अमेरिकेतल्या विशीतल्या मुलांच्या अभ्यासातही दिसलं आहे. पट्टी मात्र तेव्हा पणजींची ठेवा. मुलीला शब्द आणि ठेका मिळाला की पुरे, सुराचा सराव सकाळी वेगळा.