वरळीच्या चाळीत भूत बसवताना
कुमारवयीन वाचकांसाठीची तुझी भयकादंबरी मुंबईत वरळीच्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळीत घडते, मग स्मशान नि वडाचं झाड कशाला? 1920 च्या दशकातल्या त्या इमारतींची रचनाच पुरेशी आहे: मधोमध अंधारा, लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंना 160 चौरस फुटांच्या खोल्या, सामायिक संडास. रात्री दोन वाजता पंधरा वर्षांच्या मुलीला तिथवर एकटीनं चालव. शेजारी पुनर्विकासामुळे निघून गेलेत, मजला ओस पडलाय आणि कुलूपबंद खोलीतून कुकरची शिट्टी येते. भुताचा पूर्वेतिहास फार सांगू नकोस. त्यापेक्षा मुलीला आईशी भांडू दे, मैत्रिणीवर रुसू दे. तिची काळजी वाटली तरच वाचक घाबरेल. आणि शेवटी तिला सोडवायला मामा, मांत्रिक, कुणीही मोठं माणूस आणू नकोस. या वयाचे वाचक तिथेच पुस्तक मिटतात.