शंका-समाधान : पहिल्याच फाइलमध्ये तारेच तारे

प्रश्न : आरंभीच्या विश्वातल्या दीर्घिकांचे सिम्युलेशन आम्ही गॅजेट-4 या संगणक-प्रोग्रामवर करतो. खोक्याची बाजू आजच्या मापाने 30 लाख पार्सेक (1 पार्सेक म्हणजे सुमारे 3.26 प्रकाशवर्षे), कृष्णद्रव्य (न दिसणारे, फक्त गुरुत्वाने जाणवणारे द्रव्य) आणि वायूचे प्रत्येकी 128³ कण, सुरुवात ताम्रसृती 100 पासून (विश्व प्रसरताना प्रकाश किती ताणला गेला याचे हे माप; जितके जास्त, तितका आधीचा काळ). तारे घडवण्याचा भाग स्वतः लिहिला : दर घनसेंटिमीटरला हायड्रोजनचे 0.1 अणू झाले की तारा. पहिल्याच फाइलमध्ये जिकडेतिकडे तारे! कुठे चुकले?
– पदवीचे विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : उंबरठ्यात. 0.1 हा आकडा आजच्या दीर्घिकांना ठीक. पण ताम्रसृती 100 ला विश्व प्रत्येक दिशेने आजच्या 101 पट आक्रसलेले, म्हणून घनता सुमारे 10 लाख पट. तेव्हाची नुसती सरासरीच 0.2 अणू भरते! एकही ढग कोसळण्याआधी सगळा वायू तुमच्या अटीत बसला. दुसरी अट जोडा : घनता त्या काळच्या सरासरीच्या किमान 55-60 पट हवी. उंबरठाही 10 अणूंवर न्या.

वायू एका दमात ताऱ्यांत बदलू नका. 10 अणूंच्या घनतेला मुक्तपतनाचा काळ (स्वतःच्या गुरुत्वाने ढग कोसळायला लागणारा वेळ) साधारण 1.4 कोटी वर्षे. तेवढ्यात 1 टक्का वायूचेच तारे व्हावेत.

पुढची अडचण अतिनवताऱ्यांची, म्हणजे मोठ्या ताऱ्यांच्या अखेरच्या स्फोटांची. तुमचा वायूचा एक कण सुमारे 80 हजार सूर्यांच्या वस्तुमानाचा, म्हणजे त्यातून घडणारा ‘तारा’ खरे तर अख्खा तारकागुच्छ. त्यात साधारण 800 स्फोट, प्रत्येकाची ऊर्जा 10⁴⁴ ज्यूल. ती शेजारच्या 30-32 कणांत वाटली तर तापमान काही लाख केल्विनवरच अडते, दाट वायू ती उष्णता लगेच उधळून टाकतो आणि स्फोट झाल्याचा पत्ताच लागत नाही. त्यापेक्षा मोजकेच कण निवडून त्यांना एकदम 3 कोटी केल्विनने तापवा.

आणि पावसात वीज जाणारच; रीस्टार्ट फाइल (थांबलेले काम तिथूनच पुढे चालू करणारी) तासातासाला लिहू द्या.

प्रश्न : अशा खोक्यात जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने टिपलेल्या तेजस्वी दीर्घिका दिसतील? – मालवण

उत्तर : नाही. महास्फोटानंतर 30 कोटी वर्षांतल्या त्या दीर्घिका फार विरळ. त्यांच्यासाठी निदान 10 कोटी पार्सेकचा खोका लागेल. तेवढेच बारीक कण ठेवले तर ते सुमारे 37 हजार पट होतील. म्हणून मोठा खोका आधी जाड कणांनी चालवतात, त्यातला एखादा दाट भाग हेरतात आणि ‘म्युझिक’सारख्या प्रोग्रामने तेवढ्याच जागी बारीक कण भरून पुन्हा सुरुवातीपासून चालवतात.