भावाच्या कर्जाला जामीन, आणि क्लिअरन्सच्या फॉर्मवर ‘नाही’

प्रश्न : मी मूळचा सांगली जिल्ह्यातला, आता अमेरिकी नागरिक, राहतो व्हर्जिनियात. संरक्षण खात्याच्या कंत्राटदार कंपनीत नोकरी मिळाली आहे, त्यासाठी सिक्रेट क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायची सरकारी परवानगी, लागतो. चुलतभावाच्या पतसंस्थेच्या कर्जाला मी जामीन होतो. त्याने हप्ते थकवले आणि दोन वर्षांपूर्वी माझ्याही नावाने महाराष्ट्राच्या सहकार कायद्यातल्या कलम 101 चा वसुली दाखला निघाला. मधे नोकरी गेली तेव्हा इथलं एक क्रेडिट कार्ड थकून वसुली एजन्सीकडे गेलं. ‘गावाकडचं इथे कोणाला कळतंय’ असं मित्र म्हणाला, म्हणून क्लिअरन्ससाठी भरायच्या एसएफ-86 फॉर्मवर दोन्ही ठिकाणी ‘नाही’ लिहिलं. आता तपास अधिकाऱ्याची मुलाखत ठरली आहे. काय करू?

उत्तर : मुलाखतीआधी दुरुस्ती करा. अधिकाऱ्याने विचारल्यावर कबूल केलंत तर त्याला फारशी किंमत राहत नाही.

कार्डाचं लपवणं तर मला समजलंच नाही. तुमचा क्रेडिट रिपोर्ट ते मागवतातच. पतसंस्थेचं त्यात दिसणार नाही हे खरं. पण फॉर्मचा 26 वा विभाग पुन्हा वाचा : मागच्या सात वर्षांत थकलेली देणी विचारताना, जिथे तुम्ही सहकर्जदार किंवा जामीन आहात तीही धरा, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. ‘कर्ज माझं नव्हतंच’ हा बचाव आपल्याकडेही चालत नाही. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 128 जामीनदाराला कर्जदाराइतकंच जबाबदार धरतं.

क्लिअरन्सचा निर्णय 13 निकषांवर होतो. त्यातला ‘एफ’ पैशांचा. अमुक डॉलरच्या वर कर्ज म्हणजे नकार, अशी रेघ त्यात नाही. नोकरी जाणं, आजारपण, घटस्फोट अशा हाताबाहेरच्या कारणाने देणं थकलं आणि तरी तुम्ही जबाबदारीने वागलात, किंवा फेड सुरू करून ती पाळताय, तर ते तुमच्या बाजूने धरलं जातं. कार्डाच्या बाबतीत तुमची बाजू बरीच भक्कम होती. ती तुम्ही ‘ई’ निकषाच्या, म्हणजे वैयक्तिक वर्तनाच्या दारात नेऊन ठेवलीत. फॉर्मवर जाणूनबुजून माहिती दडवणं तिथे येतं. शिवाय संघराज्याच्या कायद्याने, 18 व्या टायटलच्या कलम 1001 खाली, तो गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. दुरुस्तीने गुन्हा पुसला जात नाही, म्हणून काहीही लिहून देण्याआधी क्लिअरन्सची प्रकरणं चालवणाऱ्या तिथल्या वकिलाला एकदा भेटाच. पण कोणी बोट दाखवण्याआधी, तत्परतेने आणि प्रामाणिकपणे केलेली दुरुस्ती ‘ई’ निकषातच सौम्य करणारी बाब म्हणून नोंदलेली आहे.

वकिलाशी बोललात की कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि मुलाखतीत सुरुवातीलाच स्वतःहून सांगा. ‘प्रश्न नीट कळला नाही’ असं मात्र म्हणू नका. तुम्हाला तो कळला होता, हे तुमच्याच पत्रात आहे. मित्राने सांगितलं, भीती वाटली, लपवलं, एवढंच सांगा.

कागद आजच मागवायला लागा. कार्डासाठी एजन्सीशी हप्ते लेखी ठरवा आणि नोकरी गेल्याचं पत्र जोडा. पतसंस्थेकडून खातेउतारा आणि दाखल्याची प्रत घ्या. एकरकमी परतफेड योजना असेल तर अर्ज करा, फेड झाली की बेबाकी दाखला. पैसे बँकेतूनच पाठवा, कोणाच्या हाती रोख नको. भरलेली रक्कम चुलतभावाकडून वसूल करायचा हक्क करार कायद्याचं कलम 145 तुम्हाला देतं. तो वापराल की नाही, हा तुमच्या घरचा प्रश्न.

आणखी एक. गावाकडच्या बँकेत तुमचं एनआरओ खातं (अनिवासींचं रुपयांतलं खातं) असेल, किंवा जमिनीत वाटा, तर ते परदेशी आर्थिक हितसंबंधांच्या 20 ए विभागात यायला हवं होतं. दुरुस्ती करताय तर तेही तपासा, म्हणजे दुसऱ्यांदा जावं लागणार नाही. इतकं करूनही क्लिअरन्स का देऊ नये याची कारणं मांडणारं आक्षेपपत्र आलं, तर उत्तराला मुदत साधारण 20 दिवसांचीच असते. ते पाकीट टेबलावर पडू देऊ नका.