कविता कोणाच्या हातून आली, हे आधी पाहा

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील एका महाविद्यालयात एम. ए. इंग्रजीच्या पहिल्या वर्षाला आहे. अमेरिकन साहित्य हा ऐच्छिक विषय घेतला आहे, पण ग्रंथालयात गाइडांखेरीज फारसे काही नाही. मला प्राध्यापक व्हायचे आहे. इंटरनेटवरील मोफत साधनांवर हा विषय नीट शिकता येईल का?

उत्तर : नक्की शिकता येईल. मात्र आपल्यासमोरचा पाठ, म्हणजे छापलेला मजकूर, कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे तयार केला, हे पाहिल्याशिवाय वाचायला बसू नका.

एमिली डिकिन्सनचे उदाहरण घ्या. सुमारे 1,800 कविता लिहिणाऱ्या या कवयित्रीच्या हयातीत जेमतेम दहाएक कविता छापल्या गेल्या. 1886 मध्ये तिचे निधन झाले आणि 1890 मध्ये पहिला संग्रह निघाला, तेव्हा संपादकांनी तिची विरामचिन्हे बदलली, अनेक कवितांना आपल्या मनाने शीर्षके दिली आणि ‘बिकॉज आय कुड नॉट स्टॉप फॉर डेथ’ या कवितेचे चौथे कडवे चक्क गाळले. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर मिळतो तो याच जुन्या संग्रहाचा पाठ. गाइडमध्ये सहा कडव्यांचे विवेचन आणि हाती पाचच कडवी, असा घोळ त्यामुळेच होतो. याउलट 2013 मध्ये हार्वर्डच्या पुढाकाराने खुल्या झालेल्या ‘एमिली डिकिन्सन अर्काइव्ह’ या संकेतस्थळावर हस्तलिखितांची छायाचित्रे आहेत, आणि तिच्या आडव्या रेघा व तिने नोंदवून ठेवलेले पर्यायी शब्द तेथे प्रत्यक्ष पाहता येतात. एकेकाळी यासाठी अमेरिकेला जावे लागे; आज तुम्ही ते घरी बसून पाहू शकता, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

‘वॉल्ट व्हिटमन अर्काइव्ह’ही असेच वापरा. व्हिटमनचा ‘लीव्ह्ज ऑफ ग्रास’ हा काव्यसंग्रह 1855 मध्ये 12 कवितांचा होता आणि कवी तो अखेरपर्यंत वाढवत राहिला. त्या निरनिराळ्या आवृत्त्या तेथे आहेत. गुलामगिरीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लस (1845) आणि हॅरिएट जेकब्स (1861) यांची आत्मकथने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ‘डॉक्युमेंटिंग द अमेरिकन साउथ’वर संपूर्ण मिळतात. महात्मा फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले होते, हे लक्षात ठेवून ती वाचा. पुढे मराठी मुलांना शिकवताना याच दुव्यापासून आरंभ करता येईल.

समीक्षालेखांसाठी तुमचे महाविद्यालय इन्फ्लिबनेटच्या एन-लिस्ट (महाविद्यालयांना ई-पुस्तके व नियतकालिके पुरवणाऱ्या) योजनेत आहे का, हे ग्रंथपालांना विचारा आणि असल्यास लॉगिन मागून घ्या.

नोकरीसाठी एम. ए.ला किमान 55 टक्के गुण (राखीव प्रवर्गांना सवलत आहे) आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा लागेल. या परीक्षांना संपूर्ण इंग्रजी साहित्य असते, म्हणून सगळा वेळ अमेरिकन साहित्यालाच देऊ नका. या महिन्यात मात्र डिकिन्सनच्या वरील कवितेचा 1890 चा पाठ आणि हस्तलिखित शेजारी ठेवून प्रत्येक फरक वहीत उतरवा, त्यावर दोन पाने लिहा आणि ती तुमच्या प्राध्यापकांना दाखवा.