‘मारा’ला सापाचं रूप कुठून आलं?

प्रिय विद्यार्थिनीस, अनेक आशीर्वाद.

विज्ञानकथेच्या टीव्ही मालिकांमधल्या धर्मावरचं तुझं टिपण वाचलं. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’च्या शीर्षकसंगीतात गायत्री मंत्र ऐकू येतो, हे तू बरोबर पकडलंस. पण त्यावरून ‘मालिकेवर हिंदू विचारांचा प्रभाव’ असं लिहिलंस, तिथे पाय घसरला. ऋग्वेदातला हा मंत्र (३.६२.१०) सवित्याचा आहे. मालिकेतली माणसं मात्र झ्यूस, अपोलो, अथीना यांची नावं घेतात आणि त्यांच्याविरुद्ध उभे असलेले सायलॉन, म्हणजे यंत्रमानव, एकाच देवाला मानतात. सवित्यापुढे हात जोडणारं त्यात कोणी नाही. मंत्राच्या जागी दुसरं प्राचीन स्तोत्र घातलं असतं तरी कथेचा एक धागाही हलला नसता. हीच परीक्षा प्रत्येक ठिकाणी लाव: धार्मिक गोष्ट काढून घेतली तर कथेतलं काय कोसळतं?

त्याच मालिकेचं मूळ १९७८ सालचं रूप बघ. तिथे माणसांचा आदिग्रह आहे ‘कोबोल’ आणि मॉर्मन या अमेरिकी ख्रिस्ती पंथाच्या ग्रंथात देवाच्या सिंहासनाजवळच्या ताऱ्याचं नाव आहे ‘कोलोब’. बारा जणांचं मंडळही मॉर्मन चर्चमध्ये आहे आणि मालिकेतही. पण एवढ्या साम्यावर भागत नाही. निर्माता ग्लेन लार्सन स्वतः मॉर्मन होता, हे कळलं की दुवा पक्का होतो. साम्य आणि ते त्या माणसापर्यंत पोहोचण्याची वाट, दोन्ही हाती असल्याशिवाय ‘प्रभाव’ हा शब्द लिहू नकोस. ‘स्टार ट्रेक’मधला स्पॉकचा बोटं फाकवून केलेला अभिवादनाचा हात यहुदी पुरोहितांच्या आशीर्वादातला आहे, हे आपण खात्रीनं म्हणतो, कारण लहानपणी सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळात, तो पाहिल्याचं स्पॉकची भूमिका करणाऱ्या लेनर्ड निमॉयनं स्वतः सांगितलंय.

आता सरावासाठी ‘डॉक्टर हू’मधली १९८२ सालची ‘किंडा’ ही कथा घे. सुमारे २५ मिनिटांचे चार भाग आहेत. तीन वेळा बघायचे, म्हणजे पाच तास. दोन रविवारांत होतील. पहिल्यांदा वहीला हात लावू नकोस, नाहीतर खुणा शोधण्याच्या नादात गोष्टच निसटते. दुसऱ्यांदा चार रकाने आख: वेळ, नाव किंवा वस्तू, कोण कोणासमोर आहे, आणि त्यानं पुढे काय बदललं. चौथा रकाना रिकामा राहिला की ती नोंद कंसात टाक. तिसऱ्यांदा फक्त कंसातल्या जागा तपास.

या कथेत तुझा हात कोणाही इंग्रज समीक्षकापेक्षा वर आहे. ग्रहाचं नाव ‘देव लोका’. पात्रं मारा (बौद्ध कथांत मोहात पाडणारा मार), पन्ना, करुणा, दुख्खा (दुःख), अनिच्चा (अनित्यता), अनत्ता (अनात्म). बुद्धविहारात पाली वंदना म्हणणाऱ्या किंवा इगतपुरीत दहा दिवस विपश्यनेला बसून आलेल्या माणसाला हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. लेखक ख्रिस्तोफर बेली बौद्ध होता, त्यामुळे वाटही सापडली. पण नावांची यादी देऊन थांबू नकोस. पन्ना म्हणजे प्रज्ञा. ती आंधळी म्हातारी मरते तेव्हा तिचं सारं ज्ञान तरुण करुणेत उतरतं. इथे नावं बदलून बघ, प्रसंगाचा अर्थच जातो. ही खरी भार पेलणारी जागा.

आणि मग साप. कथेत सापाच्या रूपातला मारा डॉक्टरच्या सोबतिणीच्या, टेगनच्या, स्वप्नातून शिरतो आणि शेवटी आरशांच्या रिंगणात सापडतो, कारण दुष्टाला स्वतःचं रूप बघवत नाही. पण बौद्ध कथेतला मार बोधिसत्त्वाला सैन्य आणि मोह दाखवतो, आणि तिथला ठळक नाग म्हणजे मुचलिंद, जो पावसात बुद्धावर फणा धरतो. मग मोहाला सापाचं रूप कुठून आलं? पछाडलेली टेगन झाडावर बसून सफरचंदं खाली टाकते, तो प्रसंग थांबवून बघ. ती बायबलातली बाग आहे. बौद्ध नावाखाली ख्रिस्ती चित्र सरकवलंय, आणि इंग्रज प्रेक्षकाला ते न सांगता कळतं. तुझा लेख मला या जोडावर हवाय. ‘बौद्ध कथा’ असं एकच लेबल लावलंस की हा जोड झाकला जातो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे श्रद्धाळू पात्राला भोळं ठरवून मोकळं होणं. त्यासाठी ‘डीप स्पेस नाइन’च्या पहिल्या हंगामाचा १९९३ सालचा शेवटचा भाग ठेवलाय. शाळेत शिक्षिका कीको मुलांना सांगते की कृमिविवरात (वर्महोल, अवकाशातल्या दोन दूरच्या जागा जोडणारा बोगदा) परग्रहवासी राहतात. बजोर ग्रहावरची धर्मगुरू वेडेक विन म्हणते, ते आमचे प्रेषित आहेत. गंमत म्हणजे तिथे खरंच कोणीतरी आहे आणि काळ त्यांना आपल्यासारखा लागू नाही, हे दोघींनाही मान्य आहे. भांडण वस्तुस्थितीचं नाही, मुलांसमोर कोणता शब्द उच्चारायचा याचं आहे. अवकाशस्थानकाचा प्रमुख सिस्को आपल्या मुलाला बजोरी लोकांच्या श्रद्धेबद्दल समजावतो तो संवाद शब्दशः उतरवून काढ, आणि त्यापुढे विनची वाक्यं लिही. दोन्ही कागद शेजारी ठेवून मगच पहिलं वाक्य लिहायला घे.

तुझी,
ताई