युग्लिनाच्या हिरव्या रंगाला भुलू नकोस

पॅरामेशियम आणि अमिबा हे एकपेशीय जीव पुस्तकात शेजारी छापलेले असतात म्हणून त्यांना सख्खे भाऊ समजू नकोस. मीही वर्षभर तेच समजत होतो. पॅरामेशियमच्या पेशीपटलाखाली चपट्या पिशव्यांचा थर असतो; तसाच थर मलेरियाच्या प्लाझमोडियममध्येही सापडतो. खरं नातं तिकडे आहे. युग्लिनाही एकपेशीय आणि हिरवी, पण तिच्या हरितलवकाभोवती ३ पटलं असतात, वनस्पतींत २. म्हणजे तिच्या पूर्वजाने कधीतरी हिरवं शैवाल गिळलं आणि पचवायचं राहून गेलं; जास्तीचं पटल ही त्याचीच खूण! तिचा जवळचा नातलग कोण, तर निद्रारोग घडवणारा बिनरंगी ट्रिपॅनोसोमा. तेव्हा रंग-आकार वहीत जरूर काढ, पण नातं लावताना पटलं मोज. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसत नाहीत, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची छायाचित्रं बघ.